सहा वाजताचं कुलूप

आमच्या ऑफिसची वेळ दहा ते सहा आहे. तसं दाराबाहेरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, नेमणूकपत्रात आहे, आणि नवीन माणूस घेताना सुमंत साहेब स्वतःच्या तोंडानं सांगतात. यातल्या दहाबद्दल कोणाला शंका नाही. दहा वाजून सात मिनिटांनी आलात तर रजिस्टरमध्ये लाल फुली पडते. सहाबद्दल मात्र सत्तावीस वर्षांत कोणी चौकशीच केली नव्हती. ती मी केली. त्यातून पुढे जे झालं ते आता जो तो आपल्या सोयीनं सांगून राहिला आहे, आमच्या ऑफिसातल्या प्रेमिलाबाई तर त्यांच्या गोष्टीत मला रडवतातसुद्धा, म्हणून म्हटलं आपणच एकदा नीट लिहून ठेवावं.

आमची कंपनी नाले, पुलिया आणि गावरस्ते यांची अंदाजपत्रकं बनवते. कुहीकडच्या नाल्याला किती गिट्टी लागेल आणि भिवापूरच्या रस्त्याला किती डांबर, हे आम्ही धंतोलीत दुसऱ्या माळ्यावर बसून ठरवतो. मालक सुमंत साहेब. माणूस वाईट नाही. फक्त त्यांचा एक नेम आहे. संध्याकाळी बरोबर सव्वासातला ते केबिनचं दार उघडून बाहेर येतात आणि हॉलमधून एक चक्कर मारतात. याला आम्ही राउंड म्हणतो. राउंडमध्ये साहेब कामाचं विचारत नाहीत, कागद पाहत नाहीत. खुर्च्या पाहतात. मग आमचे शिपाई नत्थूजी साहेबांची डब्याची पिशवी घेऊन जिना उतरतात, आणि त्या पिशवीच्या मागं अख्खं ऑफिस उतरतं. पिशवी खाली गेल्याशिवाय उठायचं नसतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेले नियम इतके पाळले गेले असते तर आम्ही आखलेले नाले वाहिले असते.

आता कोणी म्हणेल, काम असेल म्हणून बसत असतील. काम पाचलाच संपतं. सहा ते सव्वासात प्रेमिलाबाई टेबलाच्या खणात गवार मोडतात. रोहित नावाचा आमचा इंजिनीअर दुसऱ्या नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करतो, इतका मन लावून की साहेबांना तो फार आवडतो. बाकीचे मोबाईल पाहतात. मी पंधरा वर्षं पेन्सिलींना टोक केलं. माझ्याइतक्या टोकदार पेन्सिली अख्ख्या धंतोलीत कोणाकडे नसतील.

हे असंच रिटायर होईपर्यंत चाललं असतं, पण एप्रिलमध्ये सुरुचीला नोकरी लागली.

सुरुची माझी बायको. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला एका शाळेत गणिताच्या बाईंची नोकरी मिळाली, आणि शाळा उमरेड रोडला, आमच्या प्रताप नगरपासून चौदा किलोमीटर. बस तिकडे वेळेवर जात नाही. स्कूलबसमध्ये बाईंना जागा नाही. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात म्हणून सव्वीस जूनची तारीख मिळाली होती, नाहीतर तेवढाही वेळ नव्हता. सव्वीस जूनच्या आत सुरुचीला स्कूटी चालवता आली आणि लायसन्स मिळालं तर नोकरी. नाहीतर त्यांच्या यादीत दुसरं नाव तयारच होतं.

"मी शिकवतो," मी म्हणालो.

"हे तुम्ही अठरा वर्षांपासून म्हणून राहिले," ती म्हणाली. रागानं नाही हो, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

लर्निंग लायसन्स निघालं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेची तारीख मिळाली बारा जून. आता शिकवायचं कधी? नागपूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला मी काय सांगू? आमच्या घरामागच्या मैदानावर पहाटे साडेपाचपासून फिरणारे, मग हसण्याचा क्लब, मग क्रिकेटचं शिबिर. नऊनंतर मैदानात उतरणारा माणूस थेट दवाखान्यात दिसतो. संध्याकाळी सातला मैदानावरचे दिवे लागतात आणि पोरं बॉल घेऊन येतात. रविवारी दिवसभर टूर्नामेंट. म्हणजे सगळ्या चोवीस तासांत सुरुचीच्या वाट्याला येणारा वेळ सव्वासहा ते सात, पाऊण तास. त्या पाऊण तासात मी धंतोलीत पेन्सिलीला टोक करत असे.

चार मेला मी सहा वाजता उठलो. नुसता उठलो, बॅग उचलली. हॉलमधला मोठा कूलर घरघरत होता, तो सोडला तर सगळा आवाज बंद झाला. प्रेमिलाबाईंच्या हातातली गवार तशीच राहिली. रोहितनं विचारलं, "काका, घरी सगळे बरे आहेत ना?" दारापाशी नत्थूजी स्टुलावर बसले होते. ते उभेच राहिले.

"काहून भाऊ? कोनी गेलं काय?"

"कोणी गेलं नाही. मी चाललोय. सहा वाजले."

नत्थूजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "सहा त रोजच वाजते," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी राउंडच्या वेळी साहेबांनी विचारलं, मुकुंदराव कुठे? प्रेमिलाबाईंनी माझ्या भल्यासाठी सांगून टाकलं की त्यांची दाढ दुखते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मला म्हणाले, "कोणती?" मला काही माहीतच नव्हतं. मी उगाच गालाला हात लावला. त्या दिवशी उजवा लावला, पुढच्या दिवशी डावा लागला, म्हणून दोन्ही दाढा दुखतात असं ठरलं. प्रेमिलाबाईंनी लवंगेचं तेल आणलं. रोहितनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि मी गुळण्या करतो की नाही हे बेसिनपाशी उभं राहून पाहिलं. डब्यातली भाकरी मला चार दिवस कालवून, बोळक्या माणसासारखी खावी लागली. पाचव्या दिवशी साहेबांनी स्वतः फोन करून त्यांच्या ओळखीच्या दाताच्या डॉक्टरांची साडेसहाची वेळ घेतली, म्हणजे तोही पाऊण तास गेला. डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून सगळं पाहिलं आणि साहेबांना फोनवर सांगितलं, दात उत्तम आहेत. पन्नासाव्या वर्षी माझ्या कशालातरी कोणी उत्तम म्हणालं होतं आणि मला आनंद होऊन राहिला नव्हता.

इकडे मैदानावर निराळीच तऱ्हा. आमच्या शेजारच्या यमुताई, वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यात सायकललाही हात लावलेला नाही, रोज सव्वासहाला कडेच्या बाकावर येऊन बसायच्या. "सुरुची, पाय खाली नको टाकू वं! ब्रेक कशाला दिला आहे त्यांनी?" हे दर चकरेला एकदा. दुसऱ्या बाजूचे उन्मेषराव बँकेतून रिटायर. त्यांचं म्हणणं, आधी गाडी उघडून इंजिन समजावून सांगा, मग चालवायला द्या. त्यांनी एकदा खरंच पाना आणला होता. मी शिक्षक म्हणून गाडीच्या मागं पळत होतो. सातव्या दिवशी पुढे पळालो, ती माझी चूक. चाक माझ्या डाव्या पावलावरून गेलं. सुरुचीनं दहा फुटांवर अगदी झकास ब्रेक मारला आणि मागं वळून म्हणाली, "आता बरोबर मारला ना?" मी म्हणालो, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी लंगडत ऑफिसला गेलो. पण दाढ संपली होती आणि पायाचं कारण सांगितलं असतं तर साहेबांनी हाडाचा डॉक्टर पाठवला असता. मी अगदी रडकुंडीला आलो होतो. तेव्हा नत्थूजी चहा घेऊन आले आणि कप ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "भाऊ, साहेब मानूस थोडीच पाहते. खुर्ची पाहते. तुमी तुमचा दुपट्टा ठेवून जा ना."

मे महिन्यात नागपुरात दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. माझा दुपट्टा तर ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीचा. पांढरा, काठाला बारीक मेंदी रंगाची रेघ. नत्थूजींचं घराणं मूळचं उमरेडचं, विणकरांचं, आता त्यांच्या भावाकडे एकच हातमाग उरला आहे, त्यावर विणलेला. दुपट्टा खुर्चीवर आहे म्हणजे या उन्हात माणूस बाहेर जाऊच शकत नाही. म्हणजे माणूस आत आहे. रेकॉर्ड रूममध्ये असेल, बाथरूमला असेल. इतकं साधं होतं आणि मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं.

घरून मी दुसरा दुपट्टा आणला आणि तो बॅगेत ठेवू लागलो. सहा वाजता पहिला खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, जुना चष्मा उघड्या फाईलवर ठेवायचा, पेनाचं टोपण काढून ठेवायचं. मग बूट हातात घेऊन मागच्या जिन्यानं खाली. बाकीचं नत्थूजी पाहायचे. आणि काय पाहायचे! हाताला कला असते ती कुठेही दिसते. पाण्याचा ग्लास अर्धा भरून त्यावर बशी झाकून ठेवायचे. टेबलाचा दिवा लावायचे. फाईलचं पान रोज पुढे उलटवायचे. एकदा तर खुर्ची थोडी मागं ओढून तिरकी करून ठेवली होती, म्हणाले, "आताच उठून गेल्यावानी वाटते." त्या खुर्चीत मी स्वतः बसून असलो तरी इतका हजर वाटलो नसतो.

तीन आठवडे छान गेले. सुरुची आता पाय वर घेऊन पन्नास चकरा मारू लागली होती. फक्त एक अडचण होती. मैदानाच्या उजव्या अंगाला यमुताईंचा बाक, आणि त्यांना लागेल या भीतीनं आम्ही पहिल्या दिवसापासून डावीकडूनच गोल फिरत होतो. पंचवीस दिवसांत सुरुची एकदाही उजवीकडे वळली नव्हती. उजवीकडे वळायचं म्हटलं की तिचे हात घट्ट व्हायचे आणि गाडी सरळ भिंतीकडे जायची. परीक्षेत तर आठचा आकडा काढायचा असतो, म्हणजे अर्धा उजवा. "राहिलेले दहा दिवस फक्त उजवीकडे," मी म्हणालो. ती मे महिन्याची शेवटची तारीख होती.

एक जूनला आमच्या कंपनीचा स्थापना दिवस असतो. आलुबोंडे येतात आणि साहेब भाषण करतात. यंदा भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, "आपल्यात एक माणूस असा आहे की तो टेबलावर नसतो तेव्हासुद्धा कामात असतो. गेले तीन आठवडे मी पाहून राहिलो. पाय दुखतो, लंगडतो, पण राउंडला दिवा चालू! मुकुंदराव, या पुढे."

मी पुढे गेलो. अंगावर शाल पडली. हातात नारळ आला. लोक टाळ्या वाजवत होते आणि प्रेमिलाबाई खाली पाहून खांदे हलवत होत्या, त्या रडत होत्या असं साहेबांना वाटलं असावं. मग साहेबांनी नत्थूजींना खूण केली. नत्थूजींनी कमरेची किल्ली सोडली, रुमालावर ठेवली आणि साहेबांच्या हातात दिली.

"जो सगळ्यांत शेवटी जातो त्याच्याच हातात ऑफिसची किल्ली शोभते," साहेब म्हणाले. "आजपासून दिवे, कूलर, कुलूप, सगळं मुकुंदरावांकडे."

किल्ली चांगली वीतभर लांब होती. मी नत्थूजींकडे पाहिलं. इतका तृप्त चेहरा मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाहिलेला नाही.

त्या दिवशी सहा वाजता नत्थूजी डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "येतो मी, भाऊ."

"नत्थूजी, हे तुम्ही मुद्दाम केलं काय?"

ते हसले, पण लाजले नाहीत. "पंचवीस वर्स झाले भाऊ किल्ली कमरेले बांधून. घरवालीच्या, चंद्रकलाच्या हातचा संध्याकाळचा चहा माहीत नाई मले. म्या लय लोकाइले किल्ली देऊन पाहिली, कोनी घेतच नव्हतं. तुमचा दुपट्टा पाहिला आन वाटलं, आता होते काम." जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "साहेबाची पिशवी मात्र न्या खाली. जड नसते."

त्या संध्याकाळी मी पावणेआठला घरी पोचलो. मैदानावर पोरांचं क्रिकेट चालू होतं. सुरुची यमुताईंच्या बाकावर बसली होती, लर्निंगचा लाल एल चिकटवलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन. यमुताई कधीच घरी गेल्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं, शाल दाखवली, नारळ दाखवला, किल्ली दाखवली. सत्कार झाला हे सांगताना माझा आवाज थोडा भरून आला, खोटं कशाला सांगू, आयुष्यातला पहिला होता.

"नारळ देवापाशी ठेवा," ती म्हणाली. "शाल कपाटात ठेवा. मी उद्या शाळेत फोन करून नाही म्हणून सांगते."

"अगं, अजून अकरा दिवस आहेत."

"अठरा वर्षं होती," ती म्हणाली आणि हेल्मेट घेऊन उठली. मला खूप वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. पण त्याहून जास्त राग किल्लीचा आला, कारण ती खिशात मावत नव्हती आणि मांडीला टोचत होती.

कसाबसा फोन थांबवला. दोन जूनलाही तेच, पावणेआठ. यमुताईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं की पोरगी दोन दिवस गाडी हातानं ढकलत मैदानावर नेते आणि हातानंच परत आणते, आणि मुकुंदा, मी तुझ्या आईला ओळखत होते, नाहीतर आज बोलले असते. मग पंधरा मिनिटं बोलल्या.

रात्री मी विचार केला. विचार कसला, त्या किल्लीकडे पाहत बसलो. आणि माझ्या लक्षात आलं की साहेबांनी मला दिवे, कूलर आणि कुलूप दिलं आहे, पण कितीला ते सांगितलेलं नाही. वेळ पाटीवर लिहिलेली आहे.

तीन जून. बाहेर चव्वेचाळीस. साहेब सकाळीच गाडी घेऊन भिवापूरच्या रस्त्याच्या पाहणीला गेलेले. पाचला मी खिडकीतून पाहिलं, पार्किंगमध्ये त्यांची गाडी नव्हती. म्हणजे साहेब काही परत येत नाहीत. सहाला नत्थूजी घड्याळाकडेसुद्धा न पाहता निघून गेले. सहा वाजून एक मिनिटानं मी उठलो आणि हॉलचा कूलर बंद केला.

नागपुरात जूनच्या सुरुवातीला दुसऱ्या माळ्यावर कूलर बंद केला की माणूस किती वेळ बसू शकतो, हे मला तेव्हा कळलं. चार मिनिटं. पहिल्या मिनिटाला सगळ्यांनी वर पाहिलं. दुसऱ्याला रोहितनं पुस्तक मिटलं. तिसऱ्याला प्रेमिलाबाई म्हणाल्या, "अर्धी गवार राहिली माझी." मी म्हणालो, "घरी मोडा." चौथ्या मिनिटाला हॉल रिकामा. दिवे बंद, मागचं दार बंद, पुढचं शटर खाली, कुलूप. सहा वाजून आठ मिनिटांनी मी ऑटोत होतो आणि सहा पंचवीसला मैदानात.

सुरुचीनं मला पाहिलं आणि गाडीवर बसली. मी मोबाईल आणि किल्ली डिकीत टाकली आणि म्हणालो, "उजवीकडे." पहिल्यांदा ती भिंतीकडे गेली. दुसऱ्यांदा उन्मेषरावांकडे गेली, ते पाना घेऊन मागं सरकले. तिसऱ्या वेळी थोडं वळलं. चौथ्या वेळी ती मधेच थांबली. "डिकीत काहीतरी गुरगुरून राहिलं आहे."

मोबाईलवर सुमंत साहेबांचे चौदा मिस्ड कॉल होते. पंधरावा मी घेतला.

"मुकुंदराव," साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "मी ऑफिसात आहे. आतमध्ये."

झालं होतं ते असं. साहेब भिवापूरहून साडेचारलाच आले होते. मागच्या जिन्यानं थेट केबिनमध्ये. ड्रायव्हर गाडी सर्व्हिसिंगला टाकून घरी गेला होता. केबिनचं लाईट वेगळं, एसी वेगळा, त्यामुळे माझ्या कूलरचा त्यांना पत्ताच लागला नाही. साहेब आत आहेत की बाहेर हा हिशोब नत्थूजींच्या डोक्यात असायचा, आणि नत्थूजी सहालाच घरी चहा प्यायला गेले होते. साहेबांनी प्रेमिलाबाईंना, रोहितला, सगळ्यांना फोन लावले. एकानंही उचलला नाही. नोकरीत पहिल्यांदाच सहाला सुटलेली माणसं ती, साहेबांचा फोन पाहून त्यांना वाटलं, परत बोलावतात.

"उतर," मी सुरुचीला म्हणालो. "मला जावं लागेल. माझी नोकरी जाईल."

ती उतरली नाही. हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे बघत म्हणाली, "मी दोन दिवस इथे बसून होते. मी उतरत नाही. लायसन्सवाला माणूस मागं असला की मी रस्त्यावर जाऊ शकते. बसा."

मी बसलो. माझ्या आयुष्यातले इतके लांब चार किलोमीटर दुसरे नाहीत. सिटी बसनं हॉर्न वाजवला की सुरुची तिला "हो, थांब" म्हणायची. डावीकडची वळणं तिनं लोण्यासारखी घेतली. शेवटी धंतोलीकडे उजवीकडे वळायचा चौक आला.

"आपण डावीकडून डावीकडून नाही का जाऊ शकत?" तिनं विचारलं.

"धंतोली उजवीकडेच आहे गं."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न सुरू झाले. तिचे हात घट्ट झालेले मला मागून दिसले. मी काही शिकवलं नाही. शिकवण्यासारखं काही आठवलंच नाही, मी फक्त देवाला तो नारळ पोचला का असं विचारत होतो. गाडी हळू, फार हळू, अख्ख्या चौकाला थांबवून उजवीकडे वळली. वळल्यावर ती एकदम मोठ्यानं हसली. लग्नानंतर तेवीस वर्षांत ती रस्त्यात अशी हसलेली मी ऐकली नव्हती.

शटर वर केलं तर साहेब दारातच उभे. त्यांच्या हातात एक फाईल होती. माझी. पाऊण तास रिकाम्या ऑफिसात अडकलेला माणूस काय करणार, त्यांनी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खुर्च्यांऐवजी टेबलं पाहिली होती. गवारीची देठं पाहिली, रोहितची पुस्तकं पाहिली. आणि माझ्या टेबलावरची फाईल वाचली. नत्थूजींनी कपाटातून हाताला लागली ती घेतली होती, आणि मीही कधी तिचं नाव वाचलं नव्हतं.

"मुकुंदराव, कुहीचा हा नाला बांधून दोन वर्षं झाली," साहेब म्हणाले. "उद्घाटनाला मीच होतो."

"हो साहेब."

"पाणी नीट जातं ना त्यातून?"

"जातं साहेब."

मान खाली घालायची म्हणून आधी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि तिथेच थांबलो. साहेबांच्या उजव्या गालावर वरपासून खालपर्यंत बारीक बारीक आडवे वळ उमटलेले होते. रिपोर्टला जे स्पायरल बाइंडिंग करतात ना, तसे. त्या बाजूचे केस चपटे. डोळे लाल. आणि मला सव्वासातच्या राउंडचा अर्थ कळला. साहेब रोज जेव्हा उठत असत तेव्हा राउंड होत असे; आज साडेचारलाच टेकले म्हणून जाग लवकर आली होती. एका माणसाची झोप मोडू नये म्हणून अकरा माणसं सत्तावीस वर्षं गुपचूप बसून होती.

मी वळ पाहतोय हे साहेबांनी पाहिलं. त्यांनी गालावरून हात फिरवला. मग आम्ही दोघंही त्या फाईलकडे बघत उभे राहिलो.

तेवढ्यात खालून सुरुची वर आली. साहेबांनी हेल्मेटवरचा एल पाहिला. "तुम्ही चालवत आलात? कधीपासून शिकताय?"

"चार मेपासून. रोज सव्वासहाला," सुरुचीनं सांगून टाकलं. मी खोकलो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हेच शिकवतात."

साहेबांनी मनात तारखा मोजल्या असाव्यात. ओठ हलत होते. मग म्हणाले, "माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे. मला शंकर नगरपर्यंत सोडाल?"

"लायसन्स आहे ना तुमच्याकडे? मागं लायसन्सवालाच चालतो."

साहेबांनी खिशातून लायसन्स काढून दाखवलं. तिनं तारीख वाचली, दोन्ही बाजू पाहिल्या, परत दिलं आणि म्हणाली, "बसा. हलू नका."

मी वरून पाहिलं. माझे मालक माझ्या बायकोच्या मागं, डब्याची पिशवी पोटाशी धरून, डोळे मिटून बसले होते. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली आणि मी शटर लावून खालच्या पायरीवर येऊन बसलो. पंचवीस मिनिटं. बायको जाते, साहेब जातात की नोकरी, यातलं आधी कशाचं भय वाटून घ्यावं ते ठरेना. घामानं दुपट्टा ओला झाला. शेवटी दिवा लावलेली एक स्कूटी कोपऱ्यावर आली आणि उजवीकडे वळली. एकटीच होती, मागं लायसन्सवाला कोणी नव्हता, पण त्या वेळी मला कायदा सुचला नाही.

"काय बोलले?"

"काही नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"सगळं," ती म्हणाली. "बसा मागं."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. दिवसभर केबिनमधून बोलावणं आलं नाही. संध्याकाळी साडेपाचला बेल वाजली. मी आत गेलो. टेबलावर स्पायरलच्या रिपोर्टाऐवजी एक छोटी उशी होती, सुती खोळीची.

"मुकुंदराव, कुलूप कितीला लावता?"

मी पाटीवरचीच वेळ सांगितली. "सहाला, साहेब."

"मग मला पावणेसहाला आवाज देत जा," साहेब म्हणाले. "काल मी आत राहिलो होतो."

तेव्हापासून आमचं ऑफिस सहाला बंद होतं. राउंड सहाला पाच कमी असताना होतो. राजीनाम्याच्या कागदाच्या पाठीवर प्रेमिलाबाईंनी मला गवारीच्या भाजीची कृती लिहून दिली. सुरुची बारा जूनला पहिल्याच फेरीत आठचा आकडा काढून पास झाली आणि सव्वीस जूनला एकटी उमरेड रोडला गेली. यमुताईंनी फाटकापाशी उभं राहून "ब्रेक!" असं ओरडून निरोप दिला.

शाळा पाचला सुटते. पहिल्या दिवशी सुरुची साडेसातला घरी आली. दुसऱ्या दिवशीही साडेसात. तिसऱ्या दिवशी हेल्मेट काढत म्हणाली, "मुलं पाचला जातात हो. पण मुख्याध्यापिका बाई सातपर्यंत बसतात. त्या उठल्याशिवाय स्टाफरूममधून कोणी हलत नाही."

मी उठून आत गेलो, कपाट उघडलं, शालीच्या खालून माझा मेंदी रेघेचा दुपट्टा काढला, घडी करून तिच्यासमोर ठेवला. शिवाय जुना चष्मा.

तिनं दुपट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा बाजूला सारला.

"हे राहू द्या," ती म्हणाली. "तिथली किल्ली कोणाकडे असते, ते मी उद्या विचारते."